वांगी शोभेचीच आहेत

बाळ्या,

कॉलनीच्या मीटिंगला चालले आहे. सोबत वांग्याचं लगडलेलं झाड कुंडीसकट नेतेय. घरापुढच्या बागेत फक्त शोभेची झाडं चालतील, असं चेअरमनचं पत्र आलंय. म्हणे माझी वांगी, टोमॅटो आणि कुंपणावरचा दोडका उद्या माळी येऊन उपटणार. बघतेच कसा उपटतो ते!

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवलेत. शोभा कशाला म्हणतात, ते मला त्या माणसाने शिकवायला नको. वांग्याला जांभळी फुलं आहेत, टोमॅटो लालबुंद झालेत. ते कुणाच्या डोळ्यांत खुपत असतील, तर त्याने डोळे तपासून घ्यावेत.

यायला उशीर होईल. मी ऐकून घ्यायला जात नाहीये, ऐकवायला जातेय. सूनबाईला सांग, दोडक्याला पाणी बुंध्याशी घालायचं, पाइपने फुलं झोडपायची नाहीत.

आणि हो, पत्राला तक्रारीचा कागद जोडलाय. त्यावर सात सह्या आहेत. पाचव्या सहीचं ते लांबलचक शेपूट मी तुझ्या पहिलीच्या वहीपासून ओळखते. काळजी करू नकोस, मीटिंगमध्ये मी त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही.

वांग्याची भाजी ओट्यावर झाकून ठेवलीय. सकाळीच तोडलेली कोवळी वांगी आहेत, पोटभर खा. आवडली तर इथे खाली सही करून ठेव, त्याच शेपटासकट.

आई