डबीतली माती आणि आबांचा गुडघा

तीर्थरूप आबा,

शाळेत पत्राचा मायना तेवढा नीट शिकलो, म्हणून तीर्थरूप. पुढं काय चुकलंमाकलं तर हसू नका.

आज लिहायला बसलो त्याला कारण झालं. इथं मस्कतला आमच्या कॅम्पात कंपनीनं एक खोली रिकामी करून जिम टाकली. दोन सायकली, थोडी डंबेल्स, एक पायाचं मशीन. सगळे दारातून बघत होते, आत कोण जाईना. मी गेलो, खिशातली डबी काढली आणि चिमूटभर माती कपाळाला लावली. फोरमनला वाटलं डबीत कसली नशेची पूड हाय! त्याला वास घ्यायला लावला तेव्हा डबी परत दिली. मग एकानं विचारलं, दिवसभर लोखंडच उचलतोय, ते परत इथं येऊन उचलायचं कशाला, जिमनं खरंच काय होतं का? माझ्याकडं उत्तर होतं आबा, पण ते हिंदीत कसं सांगणार?

डबी ओळखली ना? कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी. तालमीतली लाल माती तुम्ही तिच्यातून राजारामपुरीच्या जिमला न्यायचात. तुम्ही गेलात तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही, तुमच्या मातीला यायला जमलं नाही. नंतर आईनं ही डबी एका पावण्याबरोबर पाठवली.

तुम्हाला जिमचा किती राग! शाळा सोडून मी उंडारत होतो, त्यात जिमचं खूळ डोक्यात शिरलं. शर्टाची बाही दंडाला घट्ट बसावी, एवढीच माझी हौस. तुम्ही घरी आलेल्या माणसासमोर माझा दंड दाबून म्हणायचात, "हवा भरल्याली ट्यूब हाय ही. खिळा लागला की फुस्स." माणसं हसायची. मीपण हसायचो, पण आतून जळायचो.

मग तुम्ही उसाच्या ट्रॉलीवरून उडी मारताना पडलात आणि गुडघा गेला. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, तर आतून मांडी निघाली उसाच्या कांड्यासारखी. चालायला यायचं, पण उकिडवं बसता येईना. दुसऱ्या कुणाचं एवढ्यानं काय अडलं नसतं. पण तुम्ही यात्रेच्या मैदानातले पंच! पैलवानाची पाठ लागली का नाही ते उभ्यानं दिसत नाही. खाली बसून, मातीला गाल लावून बघावं लागतं. त्या वर्षी कमिटीची माणसं बोलवायला आली, तर तुम्ही चहा पाजून परत पाठवलीत. "डोळं नीट हाईत, पण त्यास्नी खाली न्हेणार कोण?" असं म्हणालात.

डॉक्टरांनी वजनं घेऊन मांडी भरायला सांगितली होती. एक दिवस भिंतीकडं बघत तुम्ही मला विचारलंत, "त्या तुझ्या जिममदी मांडीचं काय असतंय का रं?"

तो पहिला दिवस मी विसरणार नाही. तुम्ही चपला बाहेर काढल्यात. आत मारुती शोधलात, तर सगळीकडं आरसेच. शेवटी पायाच्या मशीनला हात लावून पाया पडलात आणि डबी काढलीत. पोरं फिदीफिदी हसत होती. शिकवणारा समीर माझ्याच वयाचा, तो मात्र हसला नाही.

समीरनं हलकी प्लेट लावून दिली, थोडं करून थांबा म्हणाला. पण तालमीत पाय थरथरून खाली बसेपर्यंत बैठका मारायच्या, आधी थांबला तो पैलवान कसला! त्याची पाठ वळली की तुम्ही होत्या तेवढ्या प्लेटा चढवल्यात आणि घाम गळेपर्यंत ओढत राहिलात. दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्यासारखा. आईनं शिव्या मला दिल्या! मला वाटलं, संपलं.

सूज उतरल्यावर तुम्ही सिटी बस पकडून एकटेच गेलात. मी मागनं पोचलो तर तुम्ही समीरसमोर हात जोडून उभे. "वस्ताद, चुकलं. तुमी सांगशीला तेवढंच करतो." अख्खी तालीम ज्याच्या पाया पडते तो माणूस त्या पोराला वस्ताद म्हणत होता. मी त्याला सम्या म्हणायचो, आबा. त्या दिवसापासून मलापण जमेना.

एक मात्र मला खटकायचं. तालमीत तुम्ही सांगायचात, दवाखान्यात शेक घ्यायला जातोय. मांडी भरत होती, जिना बिनकाठीचा चढत होतात, तरी जिमचं नाव नाही. एवढी कसली लाज?

पुढच्या यात्रेला कमिटी आली, आणि तुम्ही हो म्हणालात. मी मैदानाच्या कडेला बसलो होतो. कुस्ती कुणाची होती ते आज आठवत नाही, मी नुसता तुमच्या गुडघ्याकडं बघत होतो. खालच्या पैलवानाचा खांदा टेकायला आला आणि तुम्ही सरळ खाली बसलात. मातीला गाल लावलात, बघितलंत, हात वर केलात. मग उठलात. जमिनीला हात न लावता!

शंकरतात्या, तुमचा तालमीतला जुना जोडीदार, कडेवरनं ओरडला, "कुठल्या वैद्याचं तेल लावलंस गा?" सगळी जुनी खोडं ऐकत बसलेली. मी मान खाली घातली. आता दवाखाना म्हणणार, ठरलेलं.

तुम्ही हात झटकलेत. "तेल न्हाय तात्या. पोराच्या जिमला गेलतो."

"मशिनवर?"

"व्हय, मशिनवर. माती लावून."

जिम काय माझी नव्हती, आबा. पण 'पोराच्या' म्हणालात, तेपण भर मैदानात. तेवढी माझी छाती कुठल्या मशीननं फुगली नव्हती.

इथं आल्यावर व्यायाम सुटला, आणि सहा महिन्यांत बाह्या ढिल्या पडल्या. ट्यूबचं तुमचं खरं ठरलं. मी जिमला बाही मागितली होती, तेवढीच मिळाली आणि गेलीपण. तुम्ही गुडघा मागितलात. आई फोनवर सांगत होती, शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा तुम्ही उकिडवं बसून म्हशीची धार काढलीत.

आता माझी कंबर धरतीय. बुटाची नाडी बांधायला वाकवत नाही. फोरमननं हलकं काम दिलंय, पण असं किती दिवस ठेवून घेईल? म्हणून आज मी एकच हलकी प्लेट लावली. पोरं म्हणाली, बस, एवढंच? म्हटलं, एवढंच.

कुणाची पाठ वळली म्हणून प्लेटा चढवणार नाही, हा शब्द. आणि यात्रेला सुट्टी काढून येणार. मैदानात तुम्ही बसायचात तिथं उकिडवा बसणार, आणि जमिनीला हात न लावता उठणार. डबी तळाला लागलीय, ती तिथंच भरून घेईन.

तुमचा ट्यूबवाला,
संभा