शिट्टी झाली की बाजू बदलायची

बाई, किळस आली. याहून बरा शब्द शोधत बसले असते, पण तुम्हीच सांगायचात की वाटलं ते आधी बोल, मग त्याला कपडे चढव. काल इथे अमरावतीत, राजापेठेतल्या एका सभागृहात, तुमच्या स्मरणार्थ वादविवाद स्पर्धा झाली आणि मी परीक्षक होते. घरी आले, तोंड धुतलं, चहा केला, तो तसाच ओट्यावर निवला. आज रविवार आहे. डाळ-तांदूळ निवडून ठेवले आणि स्वयंपाक अर्धा टाकून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी तक्रार करायची म्हटलं की मला अजून तुमचंच दार आठवतं.

आधी विषय ऐका. आम्ही अकोल्याच्या शाळेत तुमच्या हाताखाली होतो तेव्हा तो गुप्तहेराचा सिनेमा आला होता, त्याची पुढे मालिकाच झाली. पहिला नट म्हातारा झाला, दुसरा आला, आता तिसरा आहे, आणि दर सिनेमाला टायटल साँग गायला नवा आवाज असतो. यंदाचा भाग आल्यापासून पोरांमध्ये दोन तट पडले आहेत. एका तटाला हा तिसरा नट मुळीच चालत नाही. त्यांचा एक वेगळाच लाडका आहे, जो त्या भूमिकेत कधी दिसलाच नाही. गाण्याचंही तेच, जिने गायलं ती नको आणि जिने गायलं नाही ती हवी. जे घडलंच नाही त्याच्यावरून ही मंडळी फोनवर एकमेकांच्या आयाबहिणी काढत बसतात. आमचा आयोजक म्हणजे राजापेठेत शिकवणीचे क्लास चालवणारा एक तरुण. त्याला वाटलं, हाच विषय ठेवावा. "मॅडम, तुमचे ते शाप का वरदान ठेवले का खुर्च्या रिकाम्या राह्यतात," तो मला म्हणाला. "यंदा पब्लिक पाहा तुमी फक्त." मी हो म्हटलं. मला विषयात काही वावगं दिसलं नाही, कारण हा विषय तुमच्या स्वयंपाकघरात फार पूर्वीच होऊन गेला होता.

ते स्वयंपाकघर मला जसंच्या तसं दिसतं. थंडीचे दिवस आहेत, शाळा सुटली आहे आणि आम्ही चौघी जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलतो आहोत. तुम्ही वर्गातल्याच साडीचा पदर खोचून ओट्यापाशी उभ्या आहात. वर्गात तुम्ही अगदी पुस्तकातलं मराठी बोलायचात, आम्ही 'मले' म्हटलं की थांबवायचात, आणि घराचा उंबरा ओलांडला की तुमचीच वऱ्हाडी सुरू व्हायची. कुकरमध्ये डाळ चढलेली असायची. "चाल वं, तू या बाजूनं सुरू कर," तुम्ही म्हणायचात. "अन् शिट्टी झाली का बाजू बदलाची. वाक्य अर्धं असन तरी बदलाची." बाहेर कुठल्याही शाळेत असली तालीम होत नसेल. तुमच्या डाळीला तीन शिट्ट्या लागायच्या. मुलगी तावातावाने एका बाजूने बोलत असायची, कुकर फुसफुसायला लागला की तिचा वेग वाढायचा, शिट्टी झाली की तिला स्वतःचंच म्हणणं खोडून काढावं लागायचं, आणि डाळ शिजेपर्यंत ती सुरुवातीच्या अगदी उलट टोकाला जाऊन पोचलेली असायची. आम्ही हसून हसून शेंगा सांडायचो. तुम्ही मात्र हसायचा नाहीत. तुम्हाला त्यात गंमत वाटत नव्हती, तुम्ही ते मीठ-तिखटासारखं रोजचं धरायचात.

तो पहिला सिनेमा तुम्हीच आम्हाला दाखवलात. दुपारचा खेळ होता, तुम्ही पदराने वारा घेत बसला होतात आणि ते टायटल साँग पुढे आठवडाभर कणीक मळताना तुमच्या तोंडात होतं. मग तो विषय ओट्यावर आला. या भूमिकेत हा देखणा नट शोभतो की नाही. मी म्हणाले की शोभतो, आणि त्या नायिकेलाच काढायला पाहिजे, तिचे दात पुढे आहेत. तुम्ही झारा ओट्यावर आपटलात तो आवाज अजून कानात आहे. "दातावर नको जाऊ. दात तिले देवानं देल्ले, तिनं काम काय केलं ते सांग. चेहरा अन् आवाज, या दोन गोष्टीवर माह्या घरात कोनी बोलाचं नाई. बाकी भांडा मनसोक्त." मी रुसून विचारलं की चेहरा आणि आवाज सोडला तर नटावर आणि गाणारीवर बोलायचं तरी काय. तेव्हा तुम्ही गॅस बारीक केलात आणि आमच्याकडे वळून बोलून दाखवलंत. "गुप्तहेर देखना असून चालते कसं? देखना मानूस बाजारात गेला का चार बाया वळून पाह्यतात. गुप्तहेर असा पाह्यजे का चारदा समोरून गेला तरी कोनाच्या ध्यानात नाई राह्यला पाह्यजे. हे त्याच्या कामावर बोलनं झालं. समजलं?" समजलं होतं, बाई. इतकं समजलं होतं की पुढे वकिली करतानाही मी साक्षीदाराच्या चेहऱ्यावर कधी गेले नाही.

आणि काल तुमच्या फोटोखाली काय झालं ते ऐका. झेंडूचा हार घातलेला तुमचा फोटो टेबलावर, आणि त्याच टेबलाला टेकवून व्हिडिओ काढायचा तो गोल दिवा उभा केलेला. त्याचा सगळा उजेड पोरांच्या तोंडावर आणि तुमच्यावर नुसती सावली. सभागृह गच्च भरलं होतं. दोन्ही तटांनी आपापल्या नटाचे मुखवटे काठीला लावून आणले होते. एक मुलगा काळा गॉगल लावूनच बोलायला उभा राहिला. पहिलं वाक्य होतं, "हा गुप्तहेर हाय का दर्यापूरच्या ष्टँडवर जीपमध्ये सवाऱ्या कोंबनारा? याले कोट घातला तरी वाटते का लग्नासाठी भाड्यानं आनला." टाळ्या पडल्या. मग नटाचा रंग, मग नटाचं नाक. पहिल्या भागात गायलेल्या त्या बाई आता थकल्या आहेत, त्यांच्या आवाजाची नक्कल नाकाला रुमाल लावून करून झाली. त्यावर कडी म्हणजे त्याने फोन माइकपुढे धरला आणि तेच गाणं एका गेलेल्या गायिकेच्या आवाजात ऐकवलं. फोननेच बनवलेला आवाज. जे गाणं त्या माउलीने आयुष्यात गायलं नाही ते तिच्या गळ्यात कोंबलं होतं आणि वर विचारत होता, आता सांगा कोण भारी. मेलेल्या माणसालाही हे लोक नाही म्हणू देत नाहीत. मी पाणी प्यायले.

मग बार्शीटाकळीहून आलेली एक मुलगी उठली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असेल, साधा पंजाबी ड्रेस, आवाज जरा घोगरा. ती तिसऱ्या नटाच्या बाजूने बोलली. म्हणाली, "गुप्तहेर देखना असून चालते कसं? चारदा समोरून गेला तरी ध्यानात नाई राह्यला पाह्यजे, तवा तो गुप्तहेर." मी लिहिता लिहिता थांबले. तुमचं वाक्य होतं ते, झाऱ्यासकट. कुठून आलं असेल याचा विचार मी करते आहे तेवढ्यात गॉगलवाला उत्तराला उभा राहिला आणि तिच्याकडे बोट करून म्हणाला, "ताई ध्यानात न राह्यनाऱ्या चेहऱ्याची बाजू कावून घेऊन राहिल्या ते मले समजलं. आरशात पाहून तयारी केली असन." अख्खं सभागृह हसून लोळलं. त्याने हात वर करून शांत केलं आणि वर जोडलं, "टायटल साँग बी या ताईलेच देऊन टाका. टॉकीज लवकर खाली होईन." माझ्या शेजारचे परीक्षक, पांढऱ्या केसांचा माणूस, रुमाल तोंडाला लावून हसत होते. मला त्यांची शिसारी आली, त्या पोराची आली, मुखवटे नाचवणाऱ्या गर्दीची आली, आणि सगळ्यात जास्त त्या दिव्याची आली, जो हे सगळं गोरंगोमटं करून दाखवत होता.

मी त्याला शून्य दिलं. माझं शून्य धरूनही तो पहिला आला. तुमच्या नावाची फिरती ढाल, जिच्यासाठी आम्ही जुन्या मुलींनी मिळून पितळी पट्टी करवून घेतली होती, ती त्याने डोक्यावर धरली आणि गॉगल न काढता फोटो दिला. मला राहवलं नाही. मी आयोजकाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, या ढालीवरून बाईंचं नाव काढा, असल्या तमाशाला त्यांचं नाव नको. मला वाटलं होतं तो गयावया करेल, मॅडम असं नका करू म्हणेल, चुकलं म्हणेल. त्याने फोनमधून मानसुद्धा नीट वर केली नाही. "काढू नं मॅडम. तसंबी तो मोबाइलच्या दुकानवाला नाव टाका म्हनून मांगंच लागला होता. तुमच्या शब्दाखातर थांबलो होतो. सोमवारी पट्टी बदलाले टाकतो, पोराकडून ढाल आनून घेतो." मग त्याने मला चहा घेता का असं विचारलं.

फाटकाबाहेर ती मुलगी ऑटोची वाट पाहत उभी होती. तिला बस धरून अकोल्याला आणि तिथून पुढे गावी जायचं होतं. मला वाटलं रडत असेल, चार शब्द बोलावेत. पण आयोजकाशी झालेलं माझं बोलणं तिने ऐकलं होतं, तीच माझ्याकडे आली आणि सरळ विचारलं, "मॅडम, बाईंचं नाव कावून काढाले लावलं तुमी?" मी म्हटलं, अगं, तो मुलगा तुला काय काय बोलला. "त्याचं काय एवढं? अशे छप्पन पाह्यले मी. पन मी बाईंच्या नावासाठी आली होती. माही आई त्यायच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलाले बसे. आमच्या घरी आजबी शिट्टी झाली का बाजू बदलाची. आई-बाबाचं भांडन असलं तरी." ती हे सांगताना हसली, आणि मला हेवा वाटला, खरंच सांगते. "आई म्हने, ढाल जिंकली का तिच्यावरचं बाईंचं नाव मले दाखव. यंदा नाई तं पुढच्या वर्षी आनली असती मी, त्या गॉगलवाल्याले हरवून. आता कोनाचं नाव दाखवू तिले? मोबाइलच्या दुकानाचं?" एवढी वर्षं कोर्टात बोलून खाणारी बाई मी, आणि पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत उभी राहिले. तिचा ऑटो आला, ती बसून गेली.

म्हणजे तुमचं स्वयंपाकघर बार्शीटाकळीत अजून चालू आहे, आणि त्याची बाहेरची पाटी मी काल स्वतःच्या हाताने उतरवली. ज्यांची किळस आली त्यांचं काडीचं नुकसान झालं नाही. जिचं झालं तिच्यासाठीच तर मी चिडले होते. तरी किळस कमी होत नाही, बाई. आत्ता आयोजकाला फोन करून नाव राहू द्या म्हणायचं तर त्याचा तो हसरा आवाज ऐकावा लागेल, पुढच्या वर्षी पुन्हा त्या दिव्यासमोर बसावं लागेल, तुमच्या फोटोखाली पुन्हा कोणाच्या तरी नाकाची टवाळी होईल. फोनला एक मिनिट लागेल. उद्या सोमवार आहे. सकाळपासून फोन तीनदा हातात घेतला आणि खाली ठेवला.

हे पत्र टपालात पडणार नाही हे आपल्या दोघींनाही माहीत आहे, म्हणून शेवटचं तेवढं खरं लिहून टाकते. तुम्ही माझ्या लग्नात दिलेला कुकर अजून माझ्याकडे आहे. रबर किती वेळा बदललं देव जाणे, पण शिट्टी तीच. मगाशी मधेच उठून डाळ चढवली होती आणि पुन्हा लिहायला बसले होते. त्या पोराबद्दल, त्या आयोजकाबद्दल लिहिता लिहिता माझा हात जोरात चालत होता, आणि आत कुकर फुसफुसायला लागला. शिट्टी झाली असती तर मला त्यांच्या बाजूने लिहावं लागलं असतं, वाक्य अर्धं असलं तरी. त्या बाजूचं पहिलं वाक्य, मी काढलेल्या त्या नायिकेच्या दातांपासून सुरू होणारं, मला काल रात्रीपासून येतं आहे आणि ते चांगलं वाक्य आहे, म्हणूनच मला ते नको आहे. मी धावत आत गेले आणि शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केला. डाळ कच्ची आहे, बाई.