झाडाखालची चार नंबरची पेटी

ये. म. यो.
स्प्रिंगर्स लेन, यारिंगूल
९ मे

प्रिय कार्मेल,

तुझं पत्र मिळालं. मिळालं म्हणजे मी जाऊन आणलं. फरक काय ते पुढे सांगते. तू बरी असशील, आणि अॅडलेडला अजून ऊन असेल अशी आशा करते. इकडे धुकं सुरू झालं आहे आणि माझं कंबरेचं हाड त्याची बातमी रेडिओच्या आधी देतं.

वरची तीन अक्षरं पाहून हसू नकोस. येशू, मरिया, योसेफ यांची नावं कागदाच्या माथ्यावर घातल्याशिवाय शाळेत सिस्टर इग्नेशिअस आपल्याला पेन टेकवू देत नसत. ती सवय गेली नाही. आज तर तिघांचीही गरज आहे, कारण खाली जे लिहिणार आहे त्यात दयाबुद्धी फारशी नाही.

आपल्या टपाल खात्याने आमच्या घरी टपाल टाकणं बंद केलं आहे. फाटकापर्यंत गाडी आणायला त्यांना परवडत नाही म्हणे. गल्लीच्या तोंडाशी, डांबरी रस्ता लागतो तिथे, त्या म्हाताऱ्या निलगिरीखाली एक करडं लोखंडी कपाट उभं केलंय. चार दारं, चार कुलपं. एक दार कुणाचंच नाही, एक पलीकडच्या फामबाईंचं, एक शेजारच्या प्रुइटचं आणि चौथं माझं. माझं सगळ्यात खालचं. कुलूप उघडायला मला अक्षरशः गुडघे टेकावे लागतात. सिस्टर इग्नेशिअसनंतर मला गुडघ्यावर बसवणारं हे टपाल खातं पहिलंच!

जाताना उतार, येताना चढ. वाटेत बसायला काही नाही. मी एक रिकामं फळांचं खोकं नेऊन झाडाखाली ठेवलंय. त्यावर बसून श्वास घेते, बिस्किट आणि चीज खाते आणि मग चढ चढते. एक काळापांढरा मॅगपाय पक्षी समोर येऊन माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो, जणू काही चीज मी त्याच्या घरातून चोरलंय.

अर्थात मी पत्र लिहिलं. अख्खी नोकरी कोर्टाच्या कचेरीत तक्रारी टाइप करण्यात गेली, तर एक आपली स्वतःची का नसावी? उत्तर आलं : ‘हा बदल ग्राहकांच्या सोयीसाठी आहे.’ कुठल्या ग्राहकांच्या? या रस्त्यावर माणसांपेक्षा गाई जास्त आहेत, पण त्यांना पत्रं येत नाहीत. हे मी त्यांना कळवलं आहे.

आणि वर डेन्झिल प्रुइट. त्याने लावलेल्या सायप्रसच्या उंच झाडांच्या रांगेमुळे माझ्या कपड्यांच्या दोरीवर दुपारनंतर ऊन पडत नाही, हे मी त्याला माझा नवरा टेरेन्स जिवंत होता तेव्हाच सांगितलं होतं, आणि त्यावर तो काय म्हणाला हेही तुला ठाऊक आहे. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. आता त्याची पेटी माझ्या बरोब्बर वर. काल मी खाली गुडघ्यावर आणि तो वर उभा.

“हॅनिगनबाई, प्रार्थना चालली असेल तर मी थांबतो,” म्हणाला.

“थांबा. तुमच्यासाठीच चालली आहे. ऐकली जाईल असं वाटत नाही.”

इतकी वर्षं झाली, आणि हे आमचं पहिलं संभाषण.

फाटकावरचा टेरेन्सचा दुधाचा कॅन रिकामाच आहे. त्याने तो आडवा बसवून, झाकणाला बिजागरी लावून, हिरवा रंगवून आमची पत्रांची पेटी केली होती. आता आत कोळी राहतो. साफ करायला गेले होते, तशीच परत आले.

असो. स्वतःला जप.

तुझी,
डिंफ्ना


ये. म. यो.
यारिंगूल
२२ सप्टेंबर

प्रिय कार्मेल,

तुझी दोन्ही पत्रं आणि तुमच्या वृद्धनिवासाचं ते रंगीत पुस्तक मिळालं. इमारत छान दिसते. समुद्रही छान दिसतो. फोटोतले म्हातारे मात्र सगळे एकाच दातांच्या डॉक्टरकडे जात असावेत.

तू माझं नाव तुझ्या शेजारच्या फ्लॅटसाठी घातलंस, याबद्दल मी रागावलेली नाही. ‘डिम, इथे पेटी दारातच आहे. पत्र घ्यायला तुला पायात बूटसुद्धा घालावे लागणार नाहीत,’ असं लिहिलंस, ते वाचून मला गलबलून आलं. पण माझी तक्रार ही तक्रार होती गं, अर्ज नव्हता. एक डिसेंबरच्या आत कळवायचं आहे ना? कळवते. आधी इथली बातमी ऐक, कारण इथे युद्ध सुरू झालं आहे.

त्या निलगिरीवर मॅगपायने घरटं केलं. माझाच तो, चीजवाला. ऑगस्टअखेरीस मादी अंड्यांवर बसली आणि त्याचं डोकं फिरलं. झाडाखाली कोणी आलं की मागून सप्पकन झेप घेतो. रोवेना, आमची टपालवाली, गाडीतून उतरून कपाटाचं मागचं दार उघडत होती. तिच्या कानाला चोच लागून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी कपाटावर कागद : पक्षी शांत होईपर्यंत टपाल मिळणार नाही, गावातल्या कचेरीतून घेऊन जावं.

म्हणजे बघ. आधी फाटकावरून झाडाखाली, आता झाडाखालून चौदा किलोमीटर. पुढच्या वर्षी तुझ्याकडे अॅडलेडलाच टाकतील.

मी गाडी चालवते, माझं ठीक आहे. पण प्रुइटच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्याचा परवाना काढून घेतलाय, आणि त्याच्या हृदयाच्या गोळ्या टपालाने येतात. फामबाईंची फुलांची रोपं खोक्यातून येतात, ती कचेरीत दोन दिवस राहिली की मेली.

आधी टाकलेलं टपाल कपाटातच अडकलं होतं, ते काढायला गेल्या सोमवारी सगळे झाडापासून जरा दूर रस्त्यावर जमलो होतो. प्रुइटच्या डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा, मागच्या बाजूला दोन मोठे डोळे रंगवलेले. मी म्हटलं, “पुढच्या दोघांपेक्षा मागचे बरे दिसतायत.”

“त्याला नजर दिली की तो मागून येत नाही,” तो म्हणाला आणि कपाटाकडे निघाला. पक्ष्याने डब्यावरचा डावा डोळा फोडला. प्रुइट धावत परत आला. धावत म्हणजे त्याच्या मानाने.

“बंदूक आणतो,” तो धापा टाकत म्हणाला.

“आणा. आधी मला मारावं लागेल.”

“ते तर माझ्या मनात कधीचं आहे.”

फामबाई रोप सांभाळावं तसा आपला छत्रीचा दांडा धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “भांडण नंतर. मला माझी रोपं हवीत.”

मला राग आला होता. पक्ष्याचा नाही, सगळ्याचाच. मी तशीच तरातरा झाडाखाली गेले. डोक्यावर डबा नाही, छत्री नाही. तो वरून उतरला, कपाटावर बसला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कोट आवळून गुडघ्यावर बसले आणि माझं दार उघडलं. तो हलला नाही. मी उठले, खोक्यावर बसले, खिशातला चीजचा तुकडा काढला. तो येऊन घेऊन गेला.

मागे वळून पाहिलं तर प्रुइटचं तोंड उघडं.

रोवेनाने नंतर सांगितलं, की मॅगपाय चेहरे लक्षात ठेवतो. ज्याने त्रास दिला त्याचाही, आणि ज्याने दिला नाही त्याचाही. हिवाळाभर मी त्याच्यासमोर बसून धापा टाकत होते, तेवढ्यावर माझं नाव चांगल्या माणसांत लागलं! खात्याने मात्र माझं नाव वाईटांत लावलेलं असणार.

तर आता असं ठरलंय. साडेदहाला रोवेना येते. मी आधी जाऊन कपाटाला पाठ लावून उभी राहते. मी असले की तो घरट्याजवळ गप्प बसतो. रोवेना टपाल टाकते. मग फामबाई आणि प्रुइट माझ्या एकेका बाजूला चिकटून येतात आणि आपापलं काढतात. प्रुइट माझ्या कोटाची बाही धरतो. त्याला दिसत नाही म्हणून, असं तो म्हणतो.

खात्याने मला उत्तर पाठवलंय हे सांगायचं राहिलं. डॉक्टरची चिठ्ठी आणली तर माझी पेटी पुन्हा फाटकावर देतील. माझ्या एकटीची. मी जिंकले, कार्मेल. डॉक्टरकडे जायला अजून सवड झालेली नाही.

फ्लॅटबद्दल पुढच्या पत्रात.

घाईत, तुझी,
डिंफ्ना


ये. म. यो.
यारिंगूल
२६ नोव्हेंबर

प्रिय कार्मेल,

तू फोन केलास तेव्हा मी नीट बोलले नाही. फोनवर मला खरं बोलता येत नाही. कागदावर येतं, पण तिथेही गेल्या पत्रात मी गोल गोल फिरत राहिले. आता तारीख डोक्यावर आली आहे, म्हणून लिहिते.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. सप्टेंबरातच. सवड झाली नाही असं तुला लिहिलं, ते खोटं होतं. माझं कंबरेचं हाड बघून त्यांनी ती इतक्या आनंदाने लिहिली की मला वाईट वाटलं. पेटी फाटकावर हवी, चढउतार टाळावा, वगैरे. मी ती खात्याला पाठवली नाही. एका थंड सकाळी शेगडी पेटवायला वापरली. चांगली जळली.

तेव्हा मी मनाची समजूत घातली, की माझ्याशिवाय या लोकांना टपाल मिळणार नाही. मी गेले तर प्रुइटच्या गोळ्यांचं काय? फामबाईंच्या रोपांचं काय? कर्तव्य म्हणून थांबायचं, हे आपल्याला शाळेत शिकवलंच आहे. त्यात मला पुण्य मिळालं असतं आणि तुला रागावताही आलं नसतं.

पण पिल्लं उडाली.

दोन पिल्लं, करड्या रंगाची, दिवसभर आईबापांच्या मागे भुकेने कंठशोष करत हिंडणारी. ती उडाली आणि बाप एका दिवसात सभ्य गृहस्थ झाला. गेल्या सोमवारी रोवेना एकटीच उतरली, टपाल टाकलं, आणि त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने गाडीतून मला हाक मारली, “हॅनिगनबाई, आता तुम्ही सुटलात हं!”

सुटले. माझं पुण्य संपलं, तुला द्यायचं कारणही संपलं.

मंगळवारी सकाळी मी घरीच बसून राहिले. म्हटलं, टपाल काय, दुपारी आणलं तरी चालतं. किटली ठेवली. तुझं रंगीत पुस्तक उघडलं. समुद्र खरंच छान आहे. दारातली पेटी पितळी आहे, चकचकीत. साडेदहा वाजून गेले, अकरा वाजत आले. मी किटली बंद केली, आणि बूट घातले.

उतारावरूनच दिसलं की झाडाखाली कोणीतरी वाकलं आहे. मला वाटलं, प्रुइट पडला. पळाले. पळाले म्हणजे माझ्या मानाने. पाहते तर तो जमिनीत खड्डा करत होता आणि फामबाई शेजारी टेरेन्सचा कॅन धरून उभ्या होत्या.

“हे काय? माझ्या फाटकावरून चोरी?”

“तुम्ही नेहमीच्या वेळेला आला नाहीत,” प्रुइट कुदळ न थांबवता म्हणाला. “आम्हाला वाटलं, तुम्ही समुद्रावर गेलात. मग निदान हा तरी राहू द्यावा म्हटलं.”

तुझ्या फ्लॅटबद्दल मी त्याला एका अक्षराने सांगितलं नव्हतं. फामबाईंना सांगितलं होतं. फामबाई आपल्या बुटांकडे बघत होत्या.

“कोळ्याचं काय केलंत?”

“काढला अलगद आणि तुमच्या कुंपणाच्या माझ्या बाजूला सोडला,” तो म्हणाला. “तिथे सावली भरपूर आहे.”

कॅन उभा करून त्यांनी तळाकडचा भाग वर ठेवला, अर्धा मातीत पुरला, आणि फामबाईंनी वर एक उशी बांधली. मेणकापडाची, पावसात भिजणार नाही अशी. फळांचं खोकं मोडायला आलं होतं म्हणे.

“टेरेन्सच्या कामावर मी बसू?” मी विचारलं.

“त्याचं काम कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणूनच तो करायचा,” प्रुइट म्हणाला. “मला माहीत आहे. माझ्या गोठ्याचं दार त्यानेच बसवून दिलं. तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात तेव्हा.”

हे मला ठाऊक नव्हतं, कार्मेल. मी बसले. उंची अगदी बरोबर आहे.

त्या दिवशी टपालात कुणालाच काही नव्हतं. मला फक्त एका गालिच्याच्या दुकानाची जाहिरात. तरी आम्ही तिथे तास-दीड तास होतो. फामबाईंनी थर्मास आणला होता. प्रुइटच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया फेब्रुवारीत आहे. मी त्याला गाडीने नेणार आहे. त्या बदल्यात तो सायप्रसची रांग छाटणार आहे. “दिसायला लागल्यावर छाटीन,” म्हणाला, “नाहीतर तुमचे कपडेच कापले जायचे.”

“लावलीत तीही आंधळेपणानेच ना?” मी म्हटलं.

तो इतका हसला की मॅगपाय उडाला.

तेव्हा माझं नाव त्या फ्लॅटवरून काढ. दुसऱ्या कुणाला तरी दे, जिला खरंच गरज आहे. तू माझ्यासाठी धावपळ केलीस ती मी विसरणार नाही. ईस्टरला मी तुझ्याकडे येईन, पंधरा दिवस राहीन, समुद्र बघीन, तुझ्या पितळी पेटीचं कौतुकही करीन. नंतर तू इकडे ये. आल्यावर थोडं चीज खिशात ठेव. तो तुला ओळखत नाही.

टपाल खात्याविरुद्धची माझी तक्रार मात्र कायम आहे. कपाट चुकीच्या जागी आहे, दार खाली आहे, चढ भयंकर आहे, आणि हे मी त्यांना दर महिन्याला लिहिणार आहे. त्यांनी फक्त ते मनावर घेऊ नये.

तू म्हणालीस, तुझ्याकडे पत्र घ्यायला बूट घालावे लागत नाहीत. मला सकाळी बूट घालायचे असतात गं.

तुझी, पत्ता न बदललेली,

डिंफ्ना
पेटी क्रमांक चार, सगळ्यात खालची