कणगीची खोली

श्री

गोखिवरे, ३ नोव्हेंबर १९९८

ती. स्व. हरिकाकांस,
स्वप्नाचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत तुम्ही चिडवलंत ना, शिकलीसवरली पोर डोंगरात झोपड्या मोजत हिंडते म्हणून? त्यातल्याच एका झोपडीचा नकाशा झाला. जंगलाच्या वाटेवर पर्यटकांसाठी माहिती केंद्र होतंय, ते मी पाड्यावरच्या सावित्रीबाईंच्या घरासारखं काढलंय. कारवीच्या कुडाच्या भिंती, वाकून शिरावं लागेल असं छप्पर. नोकरीतलं माझं पहिलं स्वतंत्र काम.

परवा हौसेनं त्यांना मॉडेल बघायला बोलावलं. त्यांनी मागच्या खोलीवर बोट ठेवून विचारलं, इथं कोण बसणार? मी म्हटलं, तिकीट देणारा. त्यांच्या घरी तिथं भाताची कणगी आणि देव आहेत. चहा अर्धा टाकून त्या उठल्या. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. सोळा तारखेला नकाशा मंजुरीला जायचाय. तिकिटाची खिडकी नुसती दुसरीकडे सरकवली तर भागेल का?

काकूंना नमस्कार. रागावलात तरी उत्तर टाळू नका.

तुमची
स्वप्ना

चिपळूण, ८ नोव्हेंबर

चि. स्वप्नास,
अ. उ. आ.

पत्र ऐकून तुझी काकू डिंकाचे लाडू वळायला बसली. खिडकीचं मागाहून बघू. चाळीस वर्षं बांधकाम खात्यात मी लोकांची घरं मोजली, म्हणून एवढंच विचारतो, कणगीच्या त्या खोलीत तू टेप घेऊन शिरलीस कशी? सावित्रीबाईंनी नेलं होतं का? नसेल तर आधी पाड्यावर जा. हुशार आहेस, पण घाई बापाची घेतलीयस.

जेवत जा, आणि खरं काय ते लिही. आशीर्वाद आहेतच.

हरिकाका

गोखिवरे, १९ नोव्हेंबर

ती. स्व. हरिकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

कुणी नेलं नव्हतं. सावित्रीबाई भाजी घेऊन वसईच्या बाजारात गेल्या होत्या. घरात नवी सून होती. दोनच मिनिटं, म्हणत मी चपलांसकट आत गेले. ती लाजून बाजूला झाली आणि मागाहून सासूची बोलणी खाल्ली तिनं. काका, मला फार लाज वाटली.

मी माफी मागितली. सावित्रीबाईंचं म्हणणं एवढंच, की तशी खोली काढायची तर ती बंद ठेवा. मी बंद काढली. साहेब हसले, जागा फुकट घालवायची नाही म्हणाले, आणि जुनाच नकाशा पाठवला. तो मंजूरही झाला.

आज राजीनामा लिहून पाड्यावर सांगायला गेले. वाटलं, उभं करणार नाहीत. सावित्रीबाईंनी तांदूळ पाखडून सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, तिथं कुणीतरी बसणारच ना, मग आमच्या सुनेला बसवा, निदान आपण कुठं बसलोय ते तिला ठाऊक असेल.

उद्या राजीनामा न देता साहेबांकडे तिच्यासाठी शब्द टाकायला जातेय. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
स्वप्ना