तात्पुरत्या कामाचा कायमचा संताप

सोमवार, ४ मार्च
राजीनामा देऊन आठवडा झाला. ऑफिसचा फोन नाही. खरेदी खातं माझ्याशिवाय एक दिवस चालत नाही, म्हणजे ते बंद पडलेलं आहे आणि मला फोन करायला कोणाला तोंड राहिलेलं नाही. दुसरं कारण असूच शकत नाही.

मी दरवर्षी राजीनामा देतो. जुने साहेब केबिनमध्ये बोलवायचे, चहा मागवायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि मी कागद परत घ्यायचो. सगळ्या ऑफिसला ही पद्धत पाठ होती. यंदा माझी खुर्ची खिडकीजवळून उचलून झेरॉक्स मशीनशेजारी नेली म्हणून दिला. नव्या साहेबाने (मी त्याला थंडोबा म्हणतो) कागद शांतपणे वाचला, एक काना राहिला होता तो पेनाने घातला, आणि खाली सही केली. चहा नाही, हात नाही. माणसाला काही रीतभात?

निर्णय : मी स्वतःहून फोन करणार नाही. नाकदुऱ्या काढायला लावणार.

मंगळवार, ५ मार्च
मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ, न विचारता सल्ला देण्यात पटाईत. म्हणाला, ऑफिसचं बोलावणं येईपर्यंत एजन्सीत नाव नोंदवा, ते तात्पुरती कामं देतात. मी सांगितलं की तात्पुरती कामं तात्पुरत्या माणसांनी करावीत. ही आतून म्हणाली की दिवसभर स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर घालत बसण्यापेक्षा बरं. नंबर घातल्यापासून हिला साखर सापडत नाही यात माझा काय दोष? दारामागे यादी लावलेली आहे. वाचायची कोणी?

उद्या एजन्सीत जाईन. कामासाठी नव्हे. थंडोबाच्या कानावर जावं म्हणून.

बुधवार, ६ मार्च
एजन्सी दुसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. हिला बरोबर नेलं, फाइल धरायला. खातेप्रमुखाने स्वतःची फाइल स्वतः धरली की पहिल्याच भेटीत किंमत जाते.

काउंटरवर एक मुलगी. आवाज इतका गोड की डोक्यात जातो. तिचं नाव मी मधुरवाणी ठेवलं. मला काका म्हणाली! खरेदी खात्याचा प्रमुख आत शिरतो आणि तो काका होतो! कम्प्युटरवर काय काय येतं, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या हाताखालच्या लोकांना सगळं येतं. तिने मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

मग टायपिंगची टेस्ट. चष्मा घरी. कीबोर्डवरची अक्षरं कोणीतरी मुद्दाम विस्कटून लावलेली. शेजारचा उमेदवार मोठ्याने श्वास घेत होता. ही परिस्थिती पाहता माझा निकाल चांगलाच म्हणायला हवा. मधुरवाणी म्हणाली, असू दे काका.

एक मशीन रिकामं होतं म्हणून तिने हिलाही बसवलं. लग्नाआधी ही एका वकिलाकडे टायपिंग करायची. मी म्हटलं, बस, तेवढीच गंमत. पण हिने असा काही खडखडाट सुरू केला की मी उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. मला आवाजाचा त्रास होतो. हिचंही नाव लिहून घेतलं म्हणे. घेऊ दे.

त्यांची पद्धत अशी की काम आलं की सकाळी फोन येतो. उचलला नाही तर यादीतल्या पुढच्या नावाला जातो.

गुरुवार, ७ मार्च, सकाळी
फोन वाजला. उचलला नाही. पहिल्या फोनला धावणारा माणूस रिकामटेकडा ठरतो. ऑफिसात मी कोणाचाच पहिला फोन घेत नसे. ज्याला गरज असते तो पुन्हा करतो.

दुपारी
पुन्हा केला नाही. अडाणी लोक.

शुक्रवार, ८ मार्च
आज परत वाजला. ही हात पुसत आली, म्हणाली, अहो, उचला की. मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस, ही वाटाघाट आहे. दोघं फोनकडे बघत उभे राहिलो. तो थांबला. ही आत जाऊन भांडी घासू लागली. हिचं हे भांडी घासणं मला सर्वांत जास्त चीड आणतं.

सोमवार, ११ मार्च
फोन वाजलाच नाही. मीच करून मधुरवाणीला फैलावर घेतलं. ती म्हणाली, काका, तुम्ही उचलला नाहीत म्हणून टेस्टला तुमच्या शेजारी होते त्यांना पाठवलं. कुठे? तर एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये, खुर्ची-टेबलाचं काम. तळपायाची आग मस्तकात गेली. जागा माझी आणि बसला कोण, तर तो मोठ्याने श्वास घेणारा!

मंगळवार, १२ मार्च
हिने फोन उचलून सरळ माझ्या कानाला लावला, त्यामुळे 'हो' म्हणावं लागलं. गोदामात माल मोजायचा.

दुपारी घरी परतलो. घडलं ते असं. तिथले लोक खोकी चुकीच्या टोकाकडून मोजत होते. डोळ्यांसमोर असा प्रकार चाललेला मला बघवत नाही. मी सगळ्यांना थांबवलं, गोळा केलं, एका खोक्यावर उभा राहिलो आणि मोजणीमागचं तत्त्व समजावून सांगितलं. जरा लांबलं. तोवर जो तो आपापला आकडा विसरला. शिवाय माझ्या पायाखालच्या खोक्यात काचेचं सामान होतं. तसं मोठ्या अक्षरात लिहायला नको?

सुपरवायझर म्हणाला, काका, तुम्ही दमला असाल. मी अजिबात दमलो नव्हतो.

निर्णय : त्या गोदामात पुन्हा पाऊल टाकणार नाही. त्यांनीही एजन्सीला हेच कळवलं आहे. निदान एका बाबतीत त्यांना अक्कल आली.

सोमवार, १८ मार्च
आला! फोन आला!

मधुरवाणी सांगत होती की एका ऑफिसला खरेदी खात्यात अनुभवी माणूस हवा आहे, कायमचा मिळेपर्यंत. पत्ता वाचून दाखवला. माझं ऑफिस. माझी जागा! (पहिल्याच रिंगला उचलला. मी फोनशेजारी बसलो होतो हा निव्वळ योगायोग.)

कोसळलं ना खातं? मी म्हटलंच होतं. थंडोबाला माझ्याकडे सरळ यायची लाज वाटली म्हणून एजन्सीची वाट धरली. शर्टला दोनदा इस्त्री केली. अट एकच घालणार : खिडकी. चहा आला तर पिणार, पण लगेच नाही.

मंगळवार, १९ मार्च
मधुरवाणीने कळवलं की ऑफिसने माझ्या नावाला नकार दिला. मी म्हटलं, काय म्हणाले ते शब्दशः सांगा. ती म्हणाली, जाऊ दे ना काका. मी आवाज चढवला. मग तिने सांगितलं. ते एक गृहस्थ सोडून कोणीही चालेल, असं म्हणाले.

कोणीही! रस्त्यावरचा कोणीही! उभं आयुष्य घातलं त्या खात्यात. पोरीचं बारसं सोडून निविदा उघडायला गेलो होतो. राग इतका आला की डोळ्यांतून पाणी आलं. रागाचंच होतं ते.

संध्याकाळी
एजन्सीने पुढचं नाव काढलं. पुढचं नाव हिचं. थंडोबा म्हणाला म्हणे, वहिनी असतील तर फारच उत्तम.

ही माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, तुमच्या मनाला लागणार असेल तर मी नाही सांगते. मी म्हटलं, लागायचं काय त्यात, जा की. उलट बरं झालं. दोन दिवसांत रडत घरी येईल, मग थंडोबाचे डोळे उघडतील. जेवणापासून झोपेपर्यंत हिला माझी कामाची पद्धत समजावली. ही मध्येच झोपली. पहिल्यापासून हिचं लक्ष कमी.

शुक्रवार, २२ मार्च
ही रडत आलेली नाही. दिवसाउजेडीच घरी येते. झेरॉक्स मशीनशेजारीच बसते, म्हणते बरं पडतं, उठावं लागत नाही. खातं कोसळलं होतं का, असं मी सहज विचारलं. म्हणाली, नाही हो, सगळं जागच्या जागी होतं.

मग पदराने तोंड पुसता पुसता हिने विचारलं की काम तर सगळं तीनपर्यंत आटपतं, मग तुम्ही रोज रात्री आठपर्यंत तिथे काय करायचात?

टोमणा असता तर सरळ भांडलो असतो. पण हिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ओरडलो की तुला नाही कळायचं ते. म्हणाली, बरं, सवडीने सांगा.

सांगणार तर! सवड कशाला हवी? मुद्देसूद लिहून हातातच देतो, म्हणजे प्रश्न मिटला.

तीन ते साडेतीन : चहा.
साडेतीन ते आठ :