बिया काढलेला रस

मोहगाव, ता. सौंसर
२ एप्रिल २०२५

प्रिय चंद्रकला,

तुला जय भीम. समोर होतीस तेव्हा कधी म्हटला नाही, कागदावर जमला. देवीदासभाऊंना नमस्कार आणि मोनालीला खूप खूप आशीर्वाद.

पत्र बघून हसशील, आजकाल पत्र कोण लिहितं म्हणून. होळीला मी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा 'कशी आहेस', 'बरी आहे', 'ऊन लय आहे' इथवर आलं आणि पुढे माझी जीभच वळली नाही. कागद मधेच 'आणखी काय' असं विचारत नाही. राजू उद्या पांढुर्ण्याला संत्र्याची गाडी घेऊन जाणार आहे, तो तिगावला तुझ्या दारी थांबेल. त्याच्याजवळ एक पिशवी पण दिली आहे. तिचं पुढे सांगते.

इकडचं ठीक आहे. मृगाचा संत्रा यंदा बरा आला. सासूबाईंचे गुडघे गेले, आवाज मात्र जशाचा तसा आहे, तो गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो. माझा भूपेंद्र कॉलेजला छिंदवाड्याला असतो, मराठीत लिहिताना मला बघून हसतो. तुझ्या घराचं कुलूप गंजलं आहे. अंगणातला कढीपत्ता जगला, कारण कुंपणावरून मी त्याला पाणी घालते. हे सांगायचं नव्हतं, लिहिण्याच्या ओघात आलं.

आपल्या बचत गटाचं म्हणशील, तर गेल्या महिन्यात आपल्याकडे ट्रेनिंग झालं. नागपूरहून सुमेध नावाचे एक सर आले होते, वयानं आपल्या भूपेंद्रपेक्षा थोडेच मोठे. लीलाबाईंनी त्यांना बघून तोंड वाकडं केलं, हा पोरगा आपल्याला काय सरबत शिकवणार म्हणून. त्यांनी सकाळी दोन ग्लास रस काढला. एक बिया काढून, एक बियांसकट मशीनमध्ये घालून. दोन्ही आम्हाला चाखवले, दोन्ही गोड. मग ते ग्लास झाकून ठेवले आणि बाटल्या धुण्याचं, झाकण लावण्याचं शिकवत बसले. दुपारी चहा झाल्यावर म्हणाले, आता चाखा.

बियांचा ग्लास कडूजहर झाला होता. चंद्रकला, तीच चव. दामिनीच्या लग्नातली.

सर हसत म्हणाले की आपल्या संत्र्याचं हे असंच असतं, बी भरडली की कडूपणा लगेच कळत नाही, मागाहून वर येतो, आणि रस तापवला की आणखी लवकर. त्यांना काय माहीत ते कोणाच्या वर्मावर बोट ठेवत होते. लीलाबाईच पुटपुटल्या, "मंग चंद्रकलाचा काही दोष नोता म्हना."

मी कप विसळायला उठले.

मशीनवर त्या दिवशी मी होते, हे तुला सांगायची गरज नाही. तू पाटावर बसून एकेक फोड सोलत होतीस, बी काढत होतीस, पांढऱ्या शिरा ओढत होतीस. वीस वर्षं बगीच्यांत संत्रा तोडलेली बाई तू, तुला कोणत्या सरांनी शिकवायचं? तू मला म्हणालीस, "बिया राहू देशील तं रस मंग कडू होते, वंदना." मला घाई होती. पुंडलिकराव माझे चुलत सासरे, त्यांच्या दामिनीचं लग्न, वऱ्हाड आल्यावर आपल्या गटाचं सरबत द्यायचं. गावात प्रथमच आपल्या बाटल्या मांडवात जाणार होत्या. तू जेवायला घरी गेलीस आणि मी उरलेले सगळे संत्रे सोलून तसेच मशीनमध्ये घातले. चाखून बघितलं, गोड लागलं. मला वाटलं, चंद्रकला उगीच जास्त जपते.

मांडवात पहिल्या घोटाला नवरदेवाचे मामा थुंकले, ते मी खांबाआडून बघितलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तीन दिवस झाले, इथपर्यंत येते आणि कागद घडी करून ठेवते.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सगळ्या बाया गटाच्या खोलीत जमल्या. सासूबाई गटात नाहीत, तरी आल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "रस नासला त्या दिवशी कोन बाहेरची होती? खरं सांगा." कोणी लोणच्याचं बोललं, कोणी पापडाचं, पाळीच्या बाईचा हात लागला की कसं सगळं बिघडतं ते. आणि हळूहळू सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या, कारण तुमच्यात पाळत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. तू उभी राहिलीस. "मी नाही पाळत हे, माय. पाळनारही नाही." एवढंच बोललीस. त्यांना तेवढंच पुरलं.

तुझी पाळी नव्हती त्या दिवशी. माझी होती.

तुला माहीत होतं. सकाळी मागच्या नळाजवळ मी रडकुंडीला आले होते, लुगड्याला डाग लागला होता. तू आपल्या पिशवीतून धुतलेलं सुती फडकं काढून दिलंस, माझ्या मागे आडोसा धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "जा, काम कर. कोनाले काही होत नाही यानं." सासूबाईंनी विचारलं तेव्हा तुझी नजर एकदा माझ्यावर आली. मी रिकाम्या बाटल्या मोजत असल्यासारखं केलं. तू एक शब्द बोलली असतीस तर माझं काय झालं असतं ते तुला कळत होतं. तू बोलली नाहीस.

याहून वाईट सांगू? मला बियांची आठवणही नव्हती. तीन वर्षं मी मनातून हेच धरून होते की रस माझ्याच हातानं नासला. ते खरं मानून मी तो हात तुझ्या माथी मारला.

त्या उन्हाळ्यात तुझ्या कुरड्या कोणी घेतल्या नाहीत. आधी उन्हाळा लागला की अर्धं गाव तुझ्या दारात उभं असायचं. मी पण घेतल्या नाहीत, सासूबाईंचं नाव पुढे केलं. आषाढात टेम्पोत तुमचं सामान चढत होतं तेव्हा मी गच्चीवर होते. वाळवण काही नव्हतंच, नुसती उभी होते. मोनालीनं वर बघून हात हलवला. मी खाली आले नाही.

ट्रेनिंगनंतर आठ दिवसांनी बैठक होती. मी सगळं सांगितलं, बियांचं आणि माझंही. मला वाटलं होतं, बियांचं तर सगळ्यांनी जिभेवर घेऊन बघितलं आहे, आता तुझ्यावरचा डाग जाईल. बियांचं कोणी मनावर घेतलंच नाही. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मंग मी काय म्हनत होती? हाताचाच गुन. बाई तेवढी दुसरी निघाली." लीलाबाई, ज्यांनी तो ग्लास स्वतः चाखला होता, त्यांनीही मान हलवली. दुसऱ्या दिवशी दोघी कामाला आल्या, मग एकच, मग कोणी नाही. मशीनवर चादर टाकून खोलीला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडेच आहे, मागायला कोणी आलेलं नाही. घरात सासूबाई आपलं ताट आपण वाढून घेतात.

परत ये असं लिहिणार होते. पण कशात ये म्हणू? गट राहिला नाही, आणि गाव जसं होतं तसंच आहे. मला हे तीन आठवडे जड झाले. तू एक अख्खा उन्हाळा काढलास, तोही माझ्या वाटचा. मला तुझी फार आठवण येते आणि ती काढायची लाज वाटते.

पिशवीत एक बाटली आहे. मशीन उघडली नाही, तू बसायचीस त्या पाटावर बसून हातानं सरबत केलं. एकेक बी काढली. आठ दिवस ठेवून रोज चमचाभर चाखलं, मगच भरलं. गोड आहे. घरात आणि गल्लीत देऊन बघितलं, माझ्या हातचं म्हणून कोणी तोंडाला लावलं नाही.

तू पिशील का, एवढंच विचारायचं आहे. नाही म्हणालीस तरी राजूजवळ तसं सांग, त्याला रिकामा परत पाठवू नको.

जिचं नाव तू सांगितलं नाहीस ती,
वंदना