तीनदा दारापर्यंत

इचिकावा, ८ जानेवारी २०१२

ती. सौ. सुनेत्राताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही तिघंही धडधाकट आहोत. स्काइपवर शैलेंद्र शेजारीच बसलेला असतो आणि तुझ्याकडे नाना मागून डोकावत असतात, म्हणून ही पोस्टाची वाट धरली. वाचून झालं की फाडून टाक.

इथे एक जानेवारीला शुभेच्छांच्या कार्डांचा गठ्ठा येतो. यंदा गेल्या मार्चमधल्या भूकंपामुळे पुष्कळांनी अभिनंदनाचे शब्द टाळलेत. त्यात एक कार्ड शैलेंद्रच्या नावाचं, तोक्योतल्या एका बड्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटकडून. ॲरिझोना, न्यू मेक्सिको अशा अमेरिकेतल्या वाळवंटी मुलखाचं जेवण मिळतं म्हणे तिथे. छापील मजकुराखाली शाईने दोन ओळी होत्या. कश्मिराला पहिलीत जेवढी अक्षरं शिकवलीत तेवढ्यावर तिने लावून दाखवलं की गेल्या वर्षी तुम्ही आमच्याकडे होता, आठवण येते, पुन्हा नक्की या. खाली मोरी असं नाव. अक्षर बाईचं, पैज लावते.

मी विचारलं तर म्हणाला, ऑफिसची पार्टी होती. ताई, ऑफिसच्या पार्टीचं कार्ड ऑफिसात जाईल ना, घरच्या पत्त्यावर कशाला येईल? शिवाय रोज पोळीभाजीचा डबा नेणारा माणूस. दुसऱ्या दिवशी कार्ड खणात नव्हतं. जपानी शब्दकोशाच्या पानांत दडवलेलं सापडलं.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण मार्चअखेर त्याच्या कंपनीला कळवायचंय की आणखी तीन वर्षं राहतोय की नाही, आणि तो माझ्या होकारासाठी थांबलाय. मागच्या मार्चमध्ये कश्मिराला घेऊन मी पुण्याला आले तेव्हा परत जाऊ नकोस म्हणून तुम्ही सगळे मागे लागला होतात. सप्टेंबरात मी परतले ती एकाच भरवशावर. भूकंपाच्या दिवशी गाड्या बंद पडल्या असताना जो माणूस बायकोमुलीसाठी रात्रभर बावीस किलोमीटर चालत येतो, तो कुठेही असला तरी येणारच. आता तोच माणूस कार्ड लपवतो. मी काय करू?

लोभ आहेच, सोबत सल्लाही पाठव.

तुझी,
विभा

*

पुणे, १९ जानेवारी २०१२

चि. सौ. विभास,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवलंय. तिथे नाना कधी हात घालत नाहीत.

विभा, पाणी कुठेतरी मुरतंय. मी आधीपासून म्हणत होते की सहा महिने नवरा एकटा ठेवू नये. तू म्हणणार, ताईला जगात सगळे चोरच दिसतात. दिसतात खरे, आणि दहातले सात निघतातही. खाई त्याला खवखवे. निर्मळ माणूस कार्ड टेबलावर टाकून देतो.

पण आरडाओरडा करू नकोस. चार फेब्रुवारीला तुमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. त्याच रेस्टॉरंटात जेवायचा हट्ट धर आणि डोळे उघडे ठेव. तो मेनू न बघता मागवतो का? वाढणारे ओळखीचं हसतात का? ती मोरी कुठे उभी राहते? कश्मिराला बरोबर ने. तुझं जपानी भाजीबाजारापुरतंच आहे.

इथे नानांना काही सुगावा नाही. ज्येष्ठ नागरिक संघात तुझ्या नवऱ्याच्या त्या चालण्याबद्दल त्याच्या गैरहजेरीत सत्कार झाला. शाल-श्रीफळ नानांनीच स्वीकारलं. सांगता सांगता बावीस किलोमीटरचे तीस झालेत. बिचाऱ्यांना या वयात जावई एवढा मिरवायला मिळालाय, तेव्हा जे काय निघेल ते आधी मला कळव.

जिवाला जप आणि संशय माझ्यावर सोपव.

तुझी,
ताई

*

इचिकावा, ६ फेब्रुवारी २०१२

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. रेस्टॉरंटचं नाव काढल्यावर शैलेंद्रचा चेहरा उतरला. फार महाग आहे, जागा मिळणार नाही, तुला तिखट सोसत नाही, अशी तीन कारणं त्याने एका दमात सांगितली. कोल्हापूरच्या आजोळी वाढलेल्या मला तिखट सोसत नाही! मी फोन करून जागा घेतली.

हॉटेलचा तळमजला, मातीच्या रंगाच्या भिंती, त्यांवर लाल मिरच्यांच्या माळा. आपण वाळवणाला लावतो तशा, पण वर दिव्याचा झोत सोडलेला. निळ्या मक्याचा पाव, भाजलेल्या मिरच्यांची चटणी, काळ्या राजम्याचं सूप. तुझी आज्ञा लक्षात होती. शैलेंद्रने मेनू पाहिलाच नाही. एकदाही मान वर केली नाही.

सूप आलं आणि पाठोपाठ ती आली. मोरीसान, म्हणजे मोरीबाई. पंचावन्नच्या पुढची, चष्मा, पांढरे झालेले केस, तिथली व्यवस्थापक. आधी कमरेत वाकून नमस्कार केला आणि मग माझा हात दोन्ही हातांत धरून भडाभडा बोलायला लागली. एवढ्या घाईने बोललेलं जपानी मला कळेना. शैलेंद्र कश्मिराला गप्प राहायला सांगत होता, पण वर्गात धडा वाचावा तसं तिने एकेक वाक्य मराठीत आणलं.

भूकंपाच्या दिवशी गाड्या थांबल्यावर हॉटेलने अडकलेल्या लोकांना आत घेतलं होतं. बाबा त्या कोपऱ्यात बसले होते. या काकूंनी त्यांना हेच सूप दोनदा दिलं. बाबा सारखे फोन लावत होते आणि रडत होते. आपल्या घराकडे, चिबाच्या दिशेने लोक घोळक्याने चालत निघाले तेव्हा बाबांनी कोट घातला. ते तीनदा दारापर्यंत गेले, जमीन हलली की परत येऊन बसले. सकाळी गाड्या सुरू झाल्यावर गेले. थांबलेल्या सगळ्यांचे पत्ते काकूंनी लिहून घेतले होते आणि सगळ्यांना कार्डं पाठवली. बायको आणि मुलगी सुखरूप आहेत हे बघून त्यांना फार आनंद झाला.

ताई, बाई नव्हतीच. तो चाललाच नव्हता.

घरी आल्यावर म्हणाला, मी खोटं बोललो नाही. भूकंपानंतरच्या त्या सकाळी दारात मीच त्याला मिठी मारून विचारलं होतं की चालत आलास ना, आणि त्याने मान हलवली होती. नंतर नानांचा फोन आला आणि मग ते त्याच्या हातात राहिलं नाही. म्हणून आपण त्याला माफ करायचं? त्या रात्री आम्ही दोघी जेवायच्या टेबलाखाली कोट घालून बसलो होतो. कश्मिरा दर धक्क्याला विचारत होती आणि मी सांगत होते की बाबा येताहेत, वाटेत आहेत. सकाळी गॅस बंद होता, तर विजेच्या किटलीत चार वेळा पाणी तापवून मी त्याचे पाय शेकले, तेल लावून रगडले. आणि त्याने ते रगडू दिले.

त्या पायांची मला आता शिसारी येते. कोणाला सांगू?

तुझीच,
विभा

*

पुणे, १७ फेब्रुवारी २०१२

चि. सौ. विभास,
आशीर्वाद.

बाई निघाली असती तर पुढच्या विमानाने येऊन दोघांना चार शब्द सुनावले असते. याला काय सुनावावं ते सुचत नाही. जमीन हलत असताना मी काय केलं असतं, असं काल स्वतःला विचारलं. उत्तर आवडलं नाही.

तरी मला संशय आहेच. भित्रा माणूस मी पोटात घालीन, पण वर्षभर शाबासकी खाऊन गप्प बसणारा आणखी काय काय गिळून बसेल? तू परत ये असं म्हणत नाही, राहा असंही म्हणत नाही. कंपनीला काय कळवायचं ते तुझं तू ठरव, फक्त आमच्या तोंडाकडे बघून ठरवू नकोस. नानांना मी सांगणार नाही. ते त्याने सांगायचं.

जेवत जा वेळेवर. जीव तुझ्यात आहे.

तुझी,
ताई

*

इचिकावा, १२ एप्रिल २०१२

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

नानांना त्याने फोन केला हे तुला कळलंच असेल. नाना काहीच बोलले नाहीत, फोन खाली ठेवला. मला वाईट वाटलं. बरंही वाटलं.

दीड महिना आम्ही दोघं मीठ-मसाल्यापुरतंच बोललो. तो उशिरा आला तरी मला संशय आणि लवकर आला तरी संशय. शेवटी एका रविवारी कश्मिराने विचारलं की हॉटेलच्या काकूंनी चांगलं सांगितलं होतं, तर आई का रागावली. शैलेंद्रने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. आपण घाबरलो होतो, तुमच्याकडे आलो नाही, चालत आलो असं आईला वाटू दिलं. पुन्हा भूकंप झाला तर नक्की येईन असंही वचन देता येत नाही, म्हणाला.

तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. इथे शाळेत पोरांकडून कवायत करून घेतात. भूकंप झाला तर मुलाने एकट्याने निघायचं नाही, घरचं माणूस न्यायला येईपर्यंत जागेवर बसायचं. ती म्हणाली, मग बाबांनी बरोबरच केलं. घाबरलेल्याने बसायचंच असतं, चुकलं ते आपलं, आपण न्यायला गेलो नाही. पुढच्या वेळी आई आणि ती जातील.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. मला असं म्हणता आलं नसतं, अजूनही येत नाही.

कंपनीला होकार कळवला. माफ केलं म्हणून नव्हे. माहीत नसलेल्या शूर माणसाबरोबर पुण्यात राहण्यापेक्षा माहीत असलेल्या भित्र्याबरोबर इथे राहणं मला झेपेल असं वाटतं. पाय अजून शेकले नाहीत.

काल दुसरीच्या वर्गाचा फॉर्म आला. संकटात मुलाला न्यायला कोण येईल, त्यांची नावं क्रमाने लिहायची असतात. पहिल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीत शैलेंद्रचं. सप्टेंबरात शाळेत घातलं तेव्हा हाच क्रम उलटा होता. त्याने वाचलं आणि खाली सही केली.

नाना बोलायला लागले की कळव. ताई, तुझी माया आणि तुझा संशय, दोन्ही राहू दे.

तुझी,
विभा